वाफेची चाकाची बोट हातात फिरते, पाण्यात सोडली की बंद – माझा अनुभव

बोट अडीच फुटाची, दोन्ही बाजूला चाकं, डोलणाऱ्या सिलिंडरचं छोटं इंजिन, पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. हातात धरली तर चाकं गरगर फिरायची, आमच्या मामा तलावात (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळचा तलाव हो) सोडली की गचके खाऊन दोन मिनिटात बंद, आणि एक्झॉस्टमधून (वापरलेली वाफ बाहेर टाकणारी नळी) वाफेऐवजी गरम पाणी थुंकायची. वात मोठी केली, सिलिंडर दाबून धरणारी स्प्रिंग टाईट केली, तेल बदललं, काहीच फरक नाही. काठावरची पोट्टी हसून हसून पडली.

घोळ दोन होते. बॉयलर मी काठोकाठ भरत होतो त्यामुळं उकळतं पाणीच सिलिंडरमधे जायचं, आणि चाकं जवळपास अर्धी बुडालेली, म्हणजे पाती पाणी मागं ढकलायचं सोडून वर उचलत बसायची.

मंग आधी इंजिनखाली सागाची पट्टी टाकून चाकाचा आस वर घेतला, एवढाच की सगळ्यात खालचं पातं पूर्ण बुडंल आणि त्याची वरची कडा पाण्याच्या जेमतेम खाली राहील. मग थंड बॉयलर रिकामा करून मोजून दोन तृतीयांश पाणी. वाफेची नळी बॉयलरच्या एकदम वरच्या जागेवरून काढली, तिच्यावर सुती दोरी गुंडाळली. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकत नाही ना ते बोटानं उचलून बघितलं (हे दरवेळी, आळस नको), मग दिवा. वाफ धरली की चाकं हातानं दहा-बारा वेळा फिरवली, सिलिंडरमधलं पाणी निघून एक्झॉस्ट कोरडा होईपर्यंत, आणि तेव्हाच सोडली. पाणी संपायच्या आत दिवा विझवायचा, नाही तं बॉयलरचे सांधे जातात.

अकरा मिनिटं चालली, शिंगाड्याच्या वेलात अडकली म्हणून थांबली.