पिनहोल कॅमेरा: पहिल्या फोटोआधीची तयारी

पिनहोल कॅमेरा म्हणजे भिंगाऐवजी बारीक भोक असलेला अंधारा डबा; भोकातून येणारा उजेड आतल्या फोटोच्या कागदावर चित्र उमटवतो. डबा पत्र्याचा घ्या, घट्ट झाकणाचा, भोक आणि कागद यांत १० सेंटिमीटर अंतर राहील एवढा. काळं प्लास्टिकही कधीकधी उजेड आत सोडतं, म्हणून ते नको. आतून मॅट काळा रंग द्या. चकचकीत पत्र्यावर उजेड उसळला की निगेटिव्ह (कागदावर उमटणारं उलट्या छटांचं चित्र, उजेडाच्या जागी काळं) धुरकट येते.

खरा वेळ द्यायचा तो भोकाला. थंड पेयाच्या कॅनमधून दोन सेंटिमीटरचा चौकोन कापा, पुठ्ठ्यावर ठेवा आणि सुईचं फक्त टोक टेकवून हलके फिरवा. मागे उंचवटा आला की ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुन्हा टोक फिरवा. सुई आरपार घालायची नाही. व्यास ०.४ मिलिमीटरच्या आसपास हवा. मोठ्या भोकाने चित्र पसरतं, आणि फार बारीक केलं तर विवर्तनामुळे, म्हणजे भोकाच्या कडेशी उजेड वळून पसरल्याने, तेही धूसर होतं. मोजायला स्कॅनर पुरतो: २४०० डीपीआयवर (इंचाला २४०० ठिपके) हे भोक साधारण ३८ पिक्सेल भरतं. कड फाटकी दिसली तर नवा तुकडा घ्या, डागडुजी करू नका.

शटर म्हणजे काळ्या चिकटपट्टीची झडप. डब्यावर जड दगड ठेवा, नाहीतर पट्टी ओढतानाच डबा हलतो.

कागद आरसी प्रकारचा (प्लास्टिकचा थर दिलेला) कृष्णधवल फोटोपेपर, लाल सेफलाइटमध्ये (कागद काळा न पाडणाऱ्या मंद दिव्यात) कापलेला, इमल्शनची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थराची बाजू भोकाकडे. ती ओळखू येत नसेल तर ओलसर बोट कोपऱ्याला लावा, चिकटते ती इमल्शनची.

फोटोआधी ही चाचणी चुकवू नका: कागद भरा, शटर बंद ठेवून डबा दहा मिनिटं उन्हात फिरवा, मग कागद डेव्हलप करा, म्हणजे रसायनांत बुडवून त्यावरचं चित्र उमटवा. पांढराशुभ्र निघाला तर डबा पक्का. काळा पट्टा आला तर बहुधा झाकणाच्या कडेने उजेड शिरतोय. तिथे काळी टेप दोनदा गुंडाळा आणि पुन्हा तपासा.

या मापांना छिद्राचा आकडा (अंतर भागिले भोकाचा व्यास) एफ/२५० येतो. कागदाचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, आयएसओ ६ धरला तर कडक उन्हात ४० सेकंद, ढगाळ हवेत अडीच ते पाच मिनिटं. निगेटिव्ह काळी पडली तर वेळ निम्मी करा, फिकी आली तर दुप्पट.

डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), स्टॉप बाथ (ती क्रिया थांबवणारं) आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं) २० अंश सेल्सिअसवर आधीच तयार ठेवा. तीन ट्रे, तीन वेगळे चिमटे. फिक्सरचा थेंब डेव्हलपरमध्ये गेला की तो बिघडतो. डब्यात एकच कागद मावतो, म्हणून बाहेर जाताना चेंजिंग बॅग (उजेड न शिरणारी, आत हात घालून कागद बदलायची पिशवी), घड्याळ आणि वही सोबत घ्या.