कॅम्पस रेडिओवर नव्याने येताय? आधी गाण्याचे हक्क तपासा

माइकची भीती जाते, तिची फार काळजी करू नका. एडिटिंगही दोन-चार कार्यक्रमांत हाताला बसतं. विद्यापीठाच्या रेडिओवर नवीन मुलं अडकतात ती गाण्यापाशी.

संतसाहित्यावरची माझी मालिका प्रसारणाच्या आदल्या संध्याकाळी थांबवली गेली. अभंग तुकोबांचे, सतराव्या शतकातले, मग हक्क कुणाचा असणार? पण शब्द तुकोबांचे असले तरी चाल अलीकडच्या संगीतकाराची होती आणि ध्वनिमुद्रण एका कंपनीचं. तेव्हा भयंकर राग आला होता. थोडा अजून आहे, कारण रुजू होताना हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून इथे जरा लांबण लावते.

एका गाण्यावर निदान तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं मात्र ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. म्हणजे १९६० साली निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१ पासून मोकळी झाली. पण तिची चाल बांधणारे १९८० साली वारले असतील, तर चालीवरचा हक्क २०४० संपेपर्यंत आहेच. तबकडी जुनी दिसली म्हणून लावून मोकळं व्हायचं नाही.

आता नेहमीच्या पळवाटा. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम आपल्या कायद्यात कुठेही नाही. ‘शेवटी श्रेय देऊ’ म्हणजे परवानगी नव्हे. आणि सगळ्यात फसवं वाक्य: ‘आपलं तर शैक्षणिक केंद्र आहे.’ कायद्यात शिक्षणासाठी सवलत आहे, पण ती वर्गात शिकवण्यापुरती किंवा संस्थेतल्याच विद्यार्थी, कर्मचारी, पालकांसमोरच्या सादरीकरणापुरती. आपलं १०० वॅटच्या मर्यादेतलं प्रक्षेपणसुद्धा आसपासच्या वस्त्यांमध्ये सहज ऐकू जातं. ते वर्गात मोडत नाही. केंद्राकडे कोणत्या संगीताचे परवाने आहेत, ते आल्या आल्या विचारा. उत्तर ‘बघू’ असं आलं तर ‘नाहीत’ असं धरून चाला.

हे वाचून हातपाय गाळू नका. सांस्कृतिक कार्यक्रमाची खरी मजा स्वतः ध्वनिमुद्रण करण्यातच आहे, हे मला त्या मालिकेनंतरच कळलं. पारंपरिक ओव्या, भारुडं, गोंधळाची गाणी आपल्या भागात म्हणणारी माणसं असतातच. त्यांच्याकडे जा. जात्यावरच्या ओव्या घेताना माइक जात्याजवळ ठेवलात तर घरघरीत शब्द बुडतात. तो बाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा. पंखा बंद करायला सांगा. सगळं झाल्यावर कुणालाही बोलू न देता त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये दोन तुकडे सांधायला तीच कामी येते.

संमतीपत्र मात्र आधी. एका मावशींनी माझ्या हातातला कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, “सही करते, पण यात काय लिहिलंय ते तुझ्या तोंडानं सांग.” तेव्हापासून मी संमती वाचून दाखवते आणि त्यांचा होकार आवाजातही घेते. कुठे वाजणार, पुन्हा वाजणार का, इंटरनेटवर जाणार का, हे तिन्ही सांगायचं.

शैक्षणिक कार्यक्रमाबद्दल थोडक्यात: प्राध्यापकांना लिहून आणलेलं वाचू देऊ नका. समोर त्या विषयातलं काही न कळणारा एक विद्यार्थी बसवा आणि त्याला प्रश्न विचारू द्या. सरांना आवडणार नाही, ऐकणाऱ्यांना आवडेल.

गुरू कुणाला करायचं? माझं मत विचाराल तर मोठ्या आवाजाच्या निवेदकाला नाही. कंट्रोल रूममध्ये गप्प बसलेल्या तंत्रज्ञांच्या शेजारी खुर्ची ओढा. कुठे कंटाळा येतो ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. आकाशवाणीतून निवृत्त झालेलं कुणी केंद्रावर येत असेल तर त्यांचा तिरकसपणा सोसा. मला तो महिनोन्‌महिने झोंबला, पण श्वास कुठे घ्यायचा ते त्यांनीच शिकवलं.

बातम्यांचा मोह टाळा. आपलं केंद्र ज्या कम्युनिटी रेडिओच्या परवान्यावर चालतं, त्यावर स्वतः बातम्या तयार करून देता येत नाहीत. आणि प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं केंद्रावर बंधनकारक आहे, तेव्हा हार्ड डिस्क भरली म्हणून फाइली पुसायच्या आधी तारखा बघा. संमतीपत्रांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर ऐन वेळी सापडत नाहीत.