संक्रांत ते शिवरात्र: सांदवाडीत बसून गोधडी शिवायची तर

आमच्याकडे तिळगूळ वाटून झाला की दोन कामं एकदमच सुरू होतात, सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसबागेत, वेलांची आळी खणायची आणि घरातल्या जुन्या पातळांचं गाठोडं सोडायचं. सकाळी हात गारठतात, दहा वाजता ऊन अंगाला बरं वाटते, कापसाची शेवटची वेचणी उरकत आलेली असते, तूर कापून झालेली आणि हरभरा घाट्यावर. हेच पाच-सहा आठवडे गोधडीचे. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं म्हणतात ना, ती एकदा गेली की दुपारी अंगणात बसणं होत नाही, हाताला घाम येते, दोरा मळते, आणि होळीनंतर तर अंगण कुरडया, पापड, सरगुंडे यांचं होऊन जाते, मग तिथे सहा-सात फुटाचं कापड कोण पसरू देते.

थंडी जाताना गोधडी शिवून काय उपयोग असं पुष्कळ जणी विचारतात. एक तर दिवाळीच्या आधी आपल्याला वेळच नसते, सोयाबीन आणि कापूस एकदमच अंगावर येते. आणि गोधडी फक्त पांघरायची नाही, उन्हाळ्यात बाहेर बाज टाकून झोपताना खाली अंथरायला तिच्यासारखं काही नाही, गादीसारखी तापत नाही. आणि थंडीचं म्हणाल तर विदर्भाला सगळे उन्हासाठीच ओळखतात, पण २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता. त्या आठवड्यात आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्या पेटीतून बाहेर निघाल्या होत्या आणि तरी एक कमीच पडली.

आता कापड. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथेच आहे, कारण गोधडी बिघडते ती सुईने नाही, कापडाने बिघडते. फक्त सुती घ्या. जुनी लुगडी, धोतरं, सुती पातळ, पंचे, झिजून मऊ झालेल्या चादरी. हल्ली घरात सुती निघतच नाही, साड्या सगळ्या सिंथेटिक, आणि काही तर हाताला सुतीसारख्याच लागतात. म्हणून शंका आली की कडेचा एक धागा काढायचा आणि पाण्याच्या वाटीवर धरून पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळते, वासही तसाच, आणि राख बोटात भुगा होते. पॉलिस्टर वितळते, आकसते, टोकाला कडक मणी होते. मणी झाला तर ते कापड बाजूला ठेवा, कितीही सुंदर असलं तरी.

मी एकदा ऐकलं नाही. मावशीची हिरवी साडी होती, आठवण म्हणून मधल्या थरात घातली. पहिल्या धुण्यात आजूबाजूचं सुती आकसलं, साडी होती तेवढीच राहिली, आणि पूर्ण गोधडीभर अशा चुण्या पडल्या की अंगाखाली टोचायच्या. वीस दिवसांचं काम होतं ते. तेव्हापासून आठवणीच्या सिंथेटिक साडीचा मी वेगळा उपयोग करते, पेटीतल्या गोधड्या बांधून ठेवायला बस्ता म्हणून.

कापूस भरायचा का हा दुसरा प्रश्न, घरी कापूस असल्यावर विचारणारच. नका भरू. कापूस भरलेली ती रजई किंवा गादी, ती पिंजून घ्यावी लागते, धुता येत नाही, धुतली की आत गोळे होतात. गोधडीची सगळी मजा धुण्यात आहे, थरांची आहे म्हणून ती भिजवा, मोगरीने धोपटा, उन्हात टाका, पुन्हा नवी.

हिशोब असा करा. एका माणसाची गोधडी साडेचार फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरते, त्याचे चार सारखे तुकडे केले की एकेक दोन मीटरच्या जरा वर येते, म्हणजे एका लुगड्यात चार थर निघाले. पन्हा बहुतेक ४५ इंच असते, म्हणजे पावणेचार फूट, म्हणून रुंदीला नऊ इंच कमी पडते, तेवढी पट्टी जोडून घ्यायची. साडी साडेपाच मीटरची असेल तर दोन थर निघतात आणि उरलेल्या सव्वा-दीड मीटरच्या पट्ट्या करायच्या, त्याच जोडायला कामी येतात. मोठ्या माणसाला सहा थर, फार झाले सात. आठच्या वर गेले की सुई निघत नाही आणि बोटं दुखतात. बाळाच्या दुपट्याला तीन पुरे, त्याचं माप अडीच बाय साडेतीन फूट.

पहिल्यांदाच शिवणार असाल तर दुपट्यापासूनच सुरू करा, किंवा बसकर करा, नाहीतर बैलाची झूल. झूल चांगली, कारण टाके वाकडे आले तरी बैल काही म्हणत नाही आणि पोळ्याला पूर्ण गाव पाहते. मी माझ्या पोरीला झुलीवरच शिकवलं.

शिवायच्या आधी सगळं कापड रात्रभर पाण्यात ठेवायचं, खळ निघून जाते. साडीचा फॉल उसवून टाका, तो बहुतेक सुती नसते. लाल, निळा आणि जांभळा वेगळ्या बादलीत भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि मग ओला पांढरा फडका घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर तो कपडा पांढऱ्या धोतराच्या शेजारी जाता कामा नये. वरचा थर घरात सापडत नसेल तर खादी घ्या. वर्धा जवळ पडत असेल तर मगन संग्रहालयात जाऊन या, १९३८ साली गांधीजींच्या हातून उघडलेलं आहे, तिथे खादी मिळते. पण नवी खादी आकसते, तिला दोनदा भिजवून वाळवल्याशिवाय कापू नका. करवतकाठी पातळ घरात निघालं तर माझी विनंती आहे की ते फाडू नका, अंग झिजलं असेल तरी काठ उतरवून ठेवा, तो करवतीच्या दातांसारखा काठ गोधडीला चारी बाजूंनी लावला तर तीन पिढ्या ओळखतात ही कोणाची.

थर पसरायचा दिवस वेगळा धरायचा आणि त्या दिवशी घरात चार माणसं पाहिजे. आदल्या दिवशी अंगण सारवून वाळू द्या, कोबा असेल तर झाडून चटया टाका. कोंबड्या सकाळीच डालीखाली झाका, पसरलेल्या कापडावर कोंबडी चालून गेली की पुन्हा धुणं आलं. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, ढिगाजवळ तर पसरूच नका, काटक्यांना कापड अडकून फाटते. ढीग सांदवाडीत फार दिवस ठेवूही नका, बोंडअळी त्यातच दबा धरून राहते.

सगळ्यात खालचा थर चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठा ठेवायचा आणि त्याची चांगली बाजू जमिनीकडे. चार जणांनी चार कोपरे धरून ताणायचा आणि कडेला विटा ठेवायच्या. मग आतले थर, फाटके तुकडे इथेच खपतात, पण तुकड्यावर तुकडा चढवू नका, कडेला कड भिडवा, नाहीतर तिथे गाठीसारखं लागते. भोकाच्या वर दुसऱ्या थराचं भोक येत नाही ना हे पाहा. प्रत्येक थर तळहाताने मधून बाहेर सारत न्यायचा, जसं आपण शेणाचा सडा सारवतो तसा. शेवटी वरचा थर आणि मोठ्या थराची कड वर मुडपून टाचण्या.

आता लक्षात ठेवायची एक गोष्ट. कच्चे टाके मधून बाहेर, पक्के टाके काठाकडून आत. कच्चे टाके वीत-वीत अंतरावर मोठे मोठे, पहिला मधोमध आडवा, मग उभा, मग दोन्हीकडे सरकत जायचं, म्हणजे जी काही सुरकुती असते ती बाहेर निघून जाते. हे झालं की विटा काढा, गोधडी उचलून मांडीवर घेता येते, आता माणसं जमवायची गरज नाही, घरचं काम आटपून जेव्हा वेळ मिळेल तेव्हा शिवा. पक्का टाका मात्र काठापासून, चारी बाजूंनी फेऱ्या मारत आत यायचं, अंगणातल्या चौकोनी रांगोळीसारखं. मधोमध येता येता थोडा फुगवटा राहिला तर तिथे चार बोटांचं चौकोनी ठिगळ लावून बारीक टाक्यांनी दाबून टाका, जुन्या गोधड्यांत मधोमध फूल नाहीतर तुळशीवृंदावन दिसते, फुगवटा असला तर त्याच्याखाली झाकून जाते.

दोरा सुतीच, गोधडीचा जाड दोरा म्हणून मागा, रंग एकच पाहिजे असेल तर आधीच जास्त घेऊन ठेवा कारण नंतर तोच रंग मिळत नाही. नायलॉनचा घेऊ नका, तो तुटत नाही म्हणून दुकानदार देते, पण तो मऊ कापडाला कापत जाते, दोन वर्षांत दोरा शाबूत आणि कापड फाटलेलं. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा एकदा फिरवा, गुंतत नाही. लांबी हातभर, फार तर दीड हात. सुई लांब आणि बारीक, दाभण नको, दाभणाने भोकं राहतात. बोटात अंगुस्तान घालाच, नसेल तर चामड्याचा तुकडा गुंडाळा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत एक बोट अंतर, दोन बोटं ठेवलं तरी चालते पण धुतल्यावर थर सरकतात. गाठ दोन थरांच्या आत ओढून लपवायची. माझी आत्याबाई, म्हणजे सासू, एकच सांगायची, "दोरा ओढू नको बाई, कपडा रडते." खरंच ओढलं की कापड आकसून बारीक बारीक चुण्या पडतात, टाका नुसता बसला पाहिजे.

दोघी समोरासमोर बसून रोज दोन तास शिवलं तर वीस दिवस धरा. एकटीचा दीड महिना जाते.

आणि मध्येमध्ये उठावं लागतेच, कारण सांदवाडीचं कामही याच दिवसांत असते. पाठ आखडली की उठून वालाच्या शेंगा तोडा, सांबार (कोथिंबीर) खुडा, भेदरं (टोमॅटो) लाल झाली असतील ती काढा. जानेवारीच्या शेवटी दोडका, कारलं, काकडी आणि लवकीची (दुधी भोपळ्याची) आळी करायला घ्या, हातभर रुंद, तेवढीच खोल, त्यात जुनं कुजलेलं शेणखत आणि माती सारखी सारखी. थंडीत हे बी जमिनीत लवकर उगवत नाही, पडून कुजते. म्हणून ते कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, कारल्याचं कवच टणक असते त्याला पूर्ण दिवस द्या, आणि गोधडीच्या कापणीत जे लुगड्याचे तुकडे उरले असतात ना, त्यातल्या ओल्या तुकड्यात बांधून पुरचुंडी चुलीजवळ ठेवा, जाळाजवळ नाही, जिथे हात ठेवला तर ऊब लागते तिथे. दोन-चार दिवसांत पांढरं मोड दिसते, तेव्हा आळ्यात टाका, मोड खालच्या बाजूला. फडका वाळू देऊ नका एवढंच.

पळसाला कळ्या काळ्या दिसायला लागल्या की समजायचं आता थोडेच दिवस राहिले, मग मी संध्याकाळीही कंदील नाहीतर बल्ब ओढून घेऊन बसते. पळस पूर्ण फुलला की पांढरं धोतर रंगवायलाही घेता येते, फुलं उकळून त्या पाण्यात तुरटी घालून बुडवलं की केशरी-पिवळं येते, पण उन्हात उडते तो रंग, त्यामुळे आतल्या बाजूला वापरा.

शेवटची फेरी झाली की कच्चे टाके उसवा. पहिलं धुणं साध्या पाण्यात, सोडा नको, पिळू नका, दोघींनी धरून पाणी निथळू द्या आणि कुंपणावर नाही, बाजेवर आडवी टाकून वाळवा, लटकवली की ओल्या वजनाने लांबट होते. दोन्ही बाजूंना ऊन दाखवा. पेटीत ठेवताना कडुलिंबाची पानं सावलीत पूर्ण वाळवून घड्यांमध्ये घाला, ओलसर राहिली तर डाग पडतात, आणि पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून ऊन द्या. यंदाची आमची काल वाळली. लवकीचे तीन वेल वर आले आहेत, उद्या मांडव घालायला पऱ्हाट्या वेचायच्या आहेत.