पाण्याची खोली मोजताना या चुका टाळा

होडीतला इको साउंडर (आवाज पाठवून पाण्याची खोली मोजणारं यंत्र) २१ मीटर दाखवतोय आणि त्याच जागी दोरीला बांधलेला ओळंबा सोडला तर तो २० मीटरलाच तळाला टेकतोय. अशा वेळी बहुतेक जण दोरीवर संशय घेतात. आधी सेटिंगमधला ध्वनिवेग बघा. आवाज तळाला जाऊन परत यायला किती वेळ लागला, एवढंच यंत्राला कळतं. त्या वेळेला वेगाने गुणून ते निम्मं करतं. वेग बहुधा समुद्राच्या पाण्याचा, सेकंदाला १५०० मीटर धरलेला असतो. ५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात तो १४२६च्या आसपास असतो. चूक पाच टक्क्यांची, पण घातक बाजूला: पाणी आहे त्याहून खोल दिसतं.

शंका आली की मी एकच गोष्ट करतो. एक सपाट लोखंडी पट्टी ट्रान्सड्यूसरच्या (आवाज सोडणाऱ्या आणि परत ऐकणाऱ्या, पाण्यात बुडालेल्या भागाच्या) बरोबर खाली, पृष्ठभागापासून मोजून ५ मीटरवर सोडायची, मग १० मीटरवर. दोन्ही वेळा यंत्राचा आकडा आणि मोजलेली खोली यांतला फरक तेवढाच राहिला तर ट्रान्सड्यूसर पाण्यात किती बुडालाय ते यंत्रात चुकीचं भरलंय. फरक खोलीबरोबर वाढला तर वेग चुकलाय. होडीत माणसं आणि सामान वाढलं की ती खाली बसते, म्हणून बुडीची नोंद कालची चालत नाही.

आकडा अचानक दुप्पट झाला? आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात दोनदा फिरून आलाय. गेन, म्हणजे यंत्राची प्रतिध्वनी टिपण्याची संवेदनशीलता, कमी करा. होडीने वेग घेतल्यावर आकडा गायब होत असेल तर ट्रान्सड्यूसरखाली बुडबुडे येतायत.

मऊ गाळात मात्र घाई नको. २०० किलोहर्ट्झचा आवाज गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, कमी वारंवारतेचा आत शिरतो, आणि ओळंबा तर रुततोच. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात, म्हणून नोंदीत आकड्याशेजारी पद्धतही लिहा.

दोरीच्या खुणा ती भिजवून, ताणून करा. प्रवाहात दोरी २० अंश तिरकी झाली तर २० मीटर दोरीखाली खोली जेमतेम १८.८ मीटर असते.

विहिरीत पाण्याच्या दाबावरून खोली मोजणाऱ्या दाब-सेन्सरच्या केबलमध्ये, बाहेरच्या हवेचा दाब सेन्सरपर्यंत पोचवणारी बारीक नळी असते. ती दुमडली किंवा आत ओल धरली की हवेचा दाब चढताच पाणी चढल्यासारखं दिसतं, हवेच्या दाबातल्या १ हेक्टोपास्कल वाढीला सुमारे १ सेंटीमीटर. नळीच्या टोकाच्या डबीतले ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे रंग बदललेले दिसले, तर ते त्याच दिवशी बदला.