वेबपॅकमध्ये फॅविकॉन आणि चित्रं कशी बसवायची

वेबपॅक म्हणजे साइटचा कोड आणि फाइल्स एकत्र बांधणारं साधन. त्याची ५ वी आवृत्ती असेल तर फाइल-लोडर, यूआरएल-लोडर ही चित्रं-फॉन्ट हाताळणारी जुनी पॅकेजेस आधी काढून टाका; ते काम आता वेबपॅकमधलेच ॲसेट मॉड्यूल्स करतात. कॉन्फिगमध्ये (वेबपॅकच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) चित्रांच्या नियमात टाइप 'ॲसेट' लिहिलं की ८ केबीपेक्षा लहान फाइल थेट बंडलमध्ये (बांधून तयार झालेल्या कोडच्या फाइलमध्ये) शिरते, मोठी वेगळी पडते. फॉन्टना मात्र मी 'ॲसेट/रिसोर्स'च देते, म्हणजे ते नेहमी वेगळ्या फाइलीत राहतात. फाइलच्या नावात कंटेंटहॅश (फाइल बदलली की बदलणारा कोड) घाला, नाहीतर लोगो बदलूनही लोकांना कॅशमधला (ब्राउझरने साठवून ठेवलेला) जुनाच दिसत राहतो.

फॅविकॉनचं, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणाऱ्या छोट्या आयकॉनचं, गणित वेगळं. एचटीएमएलमध्ये लिंक नसेल तर ब्राउझर साइटच्या मुळाशी 'फॅविकॉन.आयसीओ' याच नावाने फाइल मागतो. तिथे हॅश चालत नाही. ती पब्लिक फोल्डरमध्ये ठेवा आणि कॉपी-वेबपॅक-प्लगइनने जशीच्या तशी डिस्टमध्ये (तयार साइटच्या फोल्डरमध्ये) न्या. तरी जुनाच आयकॉन दिसला तर कॉन्फिग उचकायच्या आधी प्रायव्हेट विंडोत बघा. फॅविकॉनचा कॅश भलताच चिवट असतो.