अमेरिकेचं यादवी युद्ध एका नकाशावर कसं बसवायचं

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये फिरणाऱ्या बहुतेक नोट्समध्ये या युद्धाची कारणं एका रांगेत मांडलेली असतात: आर्थिक फरक, जकात, राज्यांचे हक्क, गुलामगिरी. तशीच पाठ केलीत तर परीक्षेतलं उत्तर विस्कटणारच. गुलामगिरी हे मूळ आहे, बाकीचं बहुतेक सगळं तिच्यातूनच फुटलेलं आहे. हे डोळ्यांना दिसावं म्हणून आधी नकाशा काढा.

ए-थ्री कागदावर अमेरिकेचा कोरा नकाशा झेरॉक्स करून घ्या. १८६० साली ३३ राज्यं होती, त्यांपैकी १५ गुलामगिरीची. यातली संघराज्यातून, म्हणजे अमेरिकेतून, फुटून निघालेली दक्षिणेची ११ लाल रंगवा. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही चार संघराज्यातच राहिली. त्यांवर नुसत्या तिरक्या रेघा मारा. ही चार विसरलात तर पुढचं १८६३ साल कळणार नाही.

आता १८२० च्या मिसुरी तडजोडीची ३६ अंश ३० मिनिटांची रेषा: तिच्या उत्तरेला, मिसुरी सोडून, गुलामगिरीला बंदी. इथे बहुतेक जण चुकतात आणि ती थेट पॅसिफिकपर्यंत ओढतात. मिसुरीच्या दक्षिण सीमेपासून पश्चिमेकडे जाणारी ही रेषा फक्त १८०३ साली फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मुलखापुरती होती. १८४८ मध्ये मेक्सिकोकडून मिळालेला प्रदेश तिच्याबाहेर राहिला, आणि वाद भडकला तो तिथल्या जमिनीवरून. प्रत्येक राज्याचे सिनेटमध्ये दोन सदस्य, म्हणून नवं राज्य कोणत्या बाजूचं यावर सत्तेचं पारडं ठरायचं. समासात चार वर्षं लिहा: १८५० (पळालेले गुलाम परत करण्याचा कडक कायदा), १८५४ (कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने जुनी रेषाच रद्द), १८५७ (ड्रेड स्कॉट निकाल: नव्या प्रदेशांत केंद्र गुलामगिरीला बंदी घालू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं), १८६० (राष्ट्राध्यक्षपदी लिंकनची निवड). लिंकनच्या पक्षाची मागणी गुलामगिरीचा विस्तार थांबवण्याची होती. आहे तिथली लगेच मोडण्याची नव्हती. एवढ्यावरही २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलिना बाहेर पडलं.

'राज्यांचे हक्क' लिहायचंच असेल तर १८५० चा कायदा शेजारी ठेवा. उत्तरेतल्या राज्यांनी पळालेले गुलाम परत करावेत म्हणून केंद्राने सक्ती करावी, ही दक्षिणेचीच मागणी होती. मिसिसिपी राज्याने तर फुटताना आपली बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली असल्याचं लेखी जाहीर केलं. याहून भक्कम पुरावा कुठला हवा?

युद्धाच्या वाटचालीसाठी सगळ्या लढाया नकोत. १२ एप्रिल १८६१ ला साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट सम्टर या संघराज्याच्या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या, तिथे ठिपका द्या. मग पूर्वेला संघराज्याचं वॉशिंग्टन आणि दक्षिणेचं रिचमंड: दोन राजधान्यांमधलं अंतर जेमतेम पुणे-मुंबईएवढं, त्यामुळे इथे वर्षानुवर्षं लढाया झाल्या. पश्चिमेला मिसिसिपी नदी गडद करा. ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गची लढाई संघराज्याच्या विजयात संपली आणि दुसऱ्याच दिवशी नदीकाठचं दक्षिणेचं ठाणं व्हिक्सबर्ग पडलं. नदी ताब्यात गेल्याने दक्षिणेचे दोन तुकडे झाले. दक्षिणेच्या किनाऱ्याला संघराज्याच्या नौदलाने केलेल्या नाकेबंदीची तुटक रेघ काढा. याच नाकेबंदीमुळे दक्षिणेचा कापूस बाहेर जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाचे भाव चढले आणि १८६५ ला युद्ध संपताच तिथला शेअर बाजार कोसळला. शेवट ९ एप्रिल १८६५, दक्षिणेचा सेनापती ली जिथे शरण आला ते अ‍ॅपोमॅटॉक्स.

सप्टेंबर १८६२ च्या अँटिएटमच्या लढाईनंतर लिंकनने गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. ती १ जानेवारी १८६३ पासून लागू झाली, पण बंडखोर भागांपुरतीच. तिरक्या रेघांची चार राज्यं वगळली होती. 'लिंकनने १८६३ मध्ये सगळे गुलाम मुक्त केले' हे वाक्य म्हणून चुकीचं. देशभर गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने. मुक्ती केवळ वरून आली असंही लिहू नका: सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या बाजूने लढले.

२५० शब्दांच्या उत्तरात कारणांना ११०, वाटचालीला ७० आणि परिणामांना ५० शब्द द्या, उरलेले प्रस्तावनेला. परिणामांत पुण्याचा एक धागा चपखल बसतो: जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केली. त्यापाठोपाठ १८७७ हे साल लिहा: युद्धानंतर केंद्राच्या देखरेखीखाली चाललेली दक्षिणेतली पुनर्रचना तेव्हा गुंडाळली गेली आणि कृष्णवर्णीयांना मिळालेला मताधिकार पुढे हिरावला गेला.