ईजीआरला पत्रा नको, ब्रश मारा

वागळे इस्टेटला माझं छोटं गॅरेज आहे. घोडबंदर रोडवरून येणारं डिझेलवालं गिऱ्हाईक बोनेट उघडायच्या आधीच सांगतं, "पिकअप गेलाय, काळा धूर मारते. ईजीआरला पत्रा लावून टाका." ईजीआर म्हणजे धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह, आणि पत्रा लावणं म्हणजे त्याची वाटच बंद करणं. मी लावत नाही.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. पण सिलिंडरमधला भडका १५०० अंशांच्या वर गेला की तोच ऑक्सिजनला चिकटतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. छातीला त्रास देणारे ते हेच. ईजीआर सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर वळवतो, बऱ्याच गाड्यांत कूलरमधून गार करतो आणि पुन्हा इंजिनात सोडतो. त्या धुरात ऑक्सिजन कमी. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उष्णता पितात. पेटत्या चुलीत ओलं लाकूड सारलं की जाळ मवाळ होतो, तसंच. आणि काजळीही तशीच वाढते!

ही काजळी ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणाऱ्या तेलाच्या वाफेत कालवली की डांबर होतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईजीआरचा व्हॉल्व्ह बंद राहतो, हलक्या पायाने चालवली की उघडतो. कासारवडवली ते तीन हात नाका रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी म्हणूनच लवकर तुंबते.

पत्रा लावला की धूर कमी दिसतो, पीयूसीही मिळते. कारण डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल कारला किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडचीच मुभा आहे, बीएस-४ ला २५० होती. पत्रा म्हणजे हे सगळं पाण्यात.

आता सफाई. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. व्हॉल्व्हला कूलंटचे पाइप जोडलेले असतील तर घरी हात घालू नका. नसतील तर कनेक्टरचं लॉक दाबून सोडवा, वायर ओढू नका. बोल्ट काढले की मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) तोंडात फडकं कोंबा, नाहीतर खरवडलेला कार्बन आत पडतो. फडकं एकच आणि मोठं घ्या. माझ्या उमेदवारीत मी दोन चिंध्या कोंबल्या, एकच काढली. गाडी श्वास कोंडल्यासारखी धापा टाकायला लागली आणि सगळा मॅनिफोल्ड पुन्हा उतरवावा लागला. उस्तादांनी त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही.

व्हॉल्व्ह उलटा धरा, म्हणजे कार्ब क्लीनर (काजळी विरघळवणारा स्प्रे) व्हॉल्व्हच्या मोटरच्या बाजूला उतरणार नाही. फवारा, दहा मिनिटं थांबा, मग जुना टूथब्रश. झडप स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. तोंडाला मास्क, हाताला ग्लोव्हज. ही काजळी नखांतून आठवडाभर जात नाही.

बसवताना गॅस्केट नवीनच लावा. मग स्कॅनर लावून पी०४०१ कोड (ईजीआरमधून धूर कमी जातोय, असं सांगणारा) पुसा. व्हॉल्व्हची उघड-बंद गाडीच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवायची सोय स्कॅनरमध्ये असेल तर तेही करा. कोड परत आलाच, तर व्हॉल्व्हला शिव्या घालू नका, कूलर तुंबलेला असू शकतो. त्यासाठी गाडी गॅरेजला आणा, शक्यतो सकाळी दहाच्या आत.